उजेडाकडे धरलेली ऐंशी भोकं

मी एक जुना पुठ्ठा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या अंगाला ऐंशी भोकं आहेत. मित्रांनो, हसायचं तर खुशाल हसा. पण ही भोकं कुरतडलेली नाहीत, मोजून पाडलेली आहेत.

शाळेच्या मार्गदर्शन कक्षातल्या बाईंनी मला घडवलं. दहावीची मुलं कलचाचणी द्यायची, म्हणजे कुणाला काय जमतं ते पाहणारी परीक्षा. तिचे चार भाग: शब्द, आकडे, तर्क आणि यंत्रं. प्रत्येक भागाला वीस प्रश्न, म्हणून माझ्यावर वीस-वीस भोकांच्या चार उभ्या रांगा. मला उत्तरपत्रिकेवर ठेवलं की फक्त बरोबर उत्तरांच्या खुणा भोकांतून दिसत. त्या मोजायच्या. सोळा किंवा जास्त म्हणजे उत्तम, दहाच्या खाली कमी, उरलेले मध्यम.

कामाला लागण्याआधी बाई दर वेळी मला खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या. सगळी भोकं मोकळी आहेत ना, एवढंच पाहायच्या. ही सवय कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून ती बाईंबरोबरच निवृत्त झाली.

नंतर सर आले. कपाट हलवताना माझी कड फाटली. सरांनी तिला जाड तपकिरी चिकटपट्टी लावली आणि मुलांचं भवितव्य मोजायला बसले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

त्या वर्षी एक मुलगी होती. फार प्रश्न विचारते म्हणून वर्ग तिला शंकाताई म्हणायचा. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. तिला यंत्रांचा डिप्लोमा करायचा होता आणि वडिलांना ते नको होतं. बारा महिने आपल्या नखांत ग्रीस असतं, लेकीने तरी खुर्चीवर बसावं, असं त्यांचं म्हणणं. निकाल आला : यंत्रं, वीसपैकी नऊ. कमी. वडील वाणिज्य शाखेच्या अर्जावर सही करायला कक्षात आले. शेवटचा दिवस होता.

"बघ," ते म्हणाले, "मी सांगितलं तर बाप आडवा येतो. आता पुठ्ठाच सांगतोय."

मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो, की माझ्या नावावर तुमचं मत खपवू नका!

शंकाताई रडली नाही. ती दारावर लावलेली वर्गाच्या गुणांची यादी वाचत होती.

"सर, सेहेचाळीस मुलांत यंत्रांमध्ये एकालाही तेराच्या वर नाहीत. बाकी तिन्ही भागांत अठरा-एकोणीस आहेत. असं कसं?"

"अगं, वर्गच तसा असेल."

"मग पुठ्ठा बघू का?"

तिने मला खिडकीकडे धरलं. कित्येक महिन्यांनी माझ्यातून उजेड आरपार गेला, फक्त शेवटच्या रांगेतली सात भोकं अंधारी राहिली. चिकटपट्टीखाली. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः कात्रीच्या टोकाने ती सात भोकं मोकळी केली आणि सगळ्या सेहेचाळीस उत्तरपत्रिका तिथेच पुन्हा तपासल्या. चार जण उत्तम निघाले.

शंकाताई त्यांच्यात नव्हती. तिला चौदा मिळाले. मध्यम.

वडिलांनी पेनाचं टोपण काढलं. "झालं समाधान? अजून सहा कमीच आहेत."

"तुम्ही पहिल्या दिवशी लिफ्ट उघडलीत, तेव्हा तुम्हाला किती येत होतं, बाबा?"

वडील आपल्या नखांकडे बघत राहिले. मग त्यांनी वाणिज्याचा अर्ज सरांकडे सरकवला आणि म्हणाले, "दुसरा द्या. तो ग्रीसवाला."

आता ते काम संगणक करतो. मी खणात तळाशी असतो. मधूनच कुणी काढून माझ्यावर चहाचा कप ठेवतं. ठेवू द्या. पण त्या संगणकालाही काय बरोबर आणि काय चूक, हे कुणीतरी घाईतच सांगितलेलं असू शकतं. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. मात्र उद्या कुणी तुमच्या हातात तुमचा आकडा ठेवला, तर मान खाली घालण्याआधी मोजणाऱ्याला उजेडाकडे धरा. आणि आकडा खरा निघाला तरी घाबरू नका. मी फक्त त्या सकाळी काय येत होतं ते मोजलं. उरलेले सहा कुणी पुढे शिकेल का, ते मोजायला माझ्याकडे भोकंच नाहीत.