अडीच पानांचा ठसा

मी एक लाकडी ठसा बोलतोय, सास्तूरच्या रुद्रम्मा पेढेवालीच्या घरातला. पण आधी सांगा, तुमच्या हातात फोन तर न्हाय ना? असला तर पालथा ठेवा. त्याच्यापुढं बोलायचं म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मला मुनवर सुतारानं बाभळीतून कोरलं. तोंडावर बेलाची तीन पानं काढली. रुद्रम्मा तेव्हा नवी सून होती. खव्याची गोळी वळायची आणि मला वरून दाबायची, की पान उठलंच म्हणून समजा.

त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं. ढिगाऱ्यातून मला काढलं तेव्हा एक पान अर्धं तुटलेलं होतं. नवा ठसा करू म्हणाले सगळे. रुद्रम्मा म्हणाली, "आपुन वाचलो, ह्यो बी वाचलाय. ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून आमच्या पेढ्यावर अडीचच पानं उठतात. तुळजापुरात आमचा माल विकणाऱ्या कृष्णराजच्या दुकानी सोलापूरची माणसं येऊन "अडीच पानाचा द्या" म्हणायची. आमचं नावगाव कुणी विचारत नव्हतं.

आमच्या घरात एक रीत आहे. घाण्यातला पहिला पेढा देवीचा, त्याच्यावर मला दाबत न्हाईत. "देवीला ठावं असतंय कुणी केलाय ते," रुद्रम्मा म्हणते. "माणसाला सांगावं लागतंय."

मग सून आली, शिवांजली. तिनं मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर फुटकाय!" तेव्हाच मी ओळखलं, ही बाई माझ्या मुळावर येणार.

आठ दिवसांत तिनं फोनसाठी तीन पायांचा स्टँड आणला. त्याच्यासमोर "नमस्कार मंडळी" म्हणून गोड हसायची. फोन बंद झाला की तोंड पाडून आकडे बघत बसायची. मग हसली कुणासाठी, हे मला अजून कळलं न्हाय. पांढऱ्या पेढ्याला कोण बघतंय, म्हणून तिनं बदामाच्या आकाराचा प्लास्टिकचा साचा आणला आणि पेढे गुलाबी केले. लाखभर माणसांनी बघितलं म्हणे. अहो, बघितलं, पण खाल्लं कुणी? रुद्रम्मा सुनेचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसली. आणि मी? फरशी वरखाली होती, स्टँड डुगडुगत होता. शिवांजलीनं मला त्याच्या एका पायाखाली सारलं! लई राग आला मला. सहा महिने मी त्या फोनचं ओझं वाहिलं.

नवरात्राच्या तोंडावर कृष्णराज मोटारसायकलवरून आला. हातात एक खोकं होतं, आत गुलाबी बदाम.

"काकी, ह्यो पेढा तुमचा का? गिऱ्हाईकानं आंबट म्हणून परत आणलाय."

तसला साचा कुठंही मिळतो. महिन्याभरात तुळजापुरात चार दुकानांत तेच बदाम झाले होते. कृष्णराज म्हणाला, "पण व्हिडिओत तोंड तुमच्या सूनबाईचं हाय, म्हणून लोक नाव तुमचंच घ्यायलेत. नवरात्रात तुमचा माल ठिवू का बंद करू, आजच सांगा."

रुद्रम्मानं पेढा घेतला. वास घेतला, फोडला, फिरवून फिरवून बघितला. "मलाच वळखू येईना रं," ती म्हणाली. चाळीस वर्षं पेढे केलेली बाई!

मी शिवांजलीकडं बघत होतो. म्हटलं, आता ही सबब सांगणार. तर ती खाली बसली आणि मला हिसकून ओढलं. स्टँड कलंडला, फोन तोंडावर आपटला. तिनं वळूनही बघितलं न्हाय. म्हटलं, संपलं, आता मी भट्टीत. पण तिनं मला धुतलं, पुसलं आणि ताज्या पेढ्यावर दाबलं. अडीच पानं उठली.

"आत्या, चुकलं माझं," ती म्हणाली. मग ताटली पुढं केली. "कृष्णराजभाऊ, ही पानं नसतील तो पेढा आमचा न्हाय. आणि पानं असून आंबट निघाला, तर माझ्या दारात आणून टाका."

कृष्णराजनं खाल्ला. "एकच खोकं न्हेतो," म्हणाला. "गिऱ्हाईक काय म्हणतंय बघू." चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला, दहा खोकी पाठवा.

आता मी रोज कामाला आहे. स्टँडखाली वर्तमानपत्राची घडी आहे. काल शिवांजलीनं फोन माझ्याकडं वळवला. "आत्या, ह्याचाच एक काढू?" माझं लाकूड ताठलं. रुद्रम्मा म्हणाली, "काढ की. पर आदी घाणा उरक." सुनेनं मुकाट्यानं घाणा उरकला. तरी तिच्यावर माझी नजर आहे.

तुम्ही तुळजापूरला गेलात तर माझं एक ऐका. पेढा तोंडात टाकायच्या आधी पानं मोजा. पुरी तीन भरली, तर तो पेढा परत करा.