मान खाली जात नाई

मी रत्नमाला. शेलूबाजारात जीपच्या थांब्यासमोर आमचा स्टुडिओ हाये. कॉम्प्युटरवर मानसं घडवतो, चालवतो, बोलवतो. केस पांढरे झाले ह्या कामात. तरी लोकं विचारतात, "असं काम इथं कसं काय?" काहून बापा? कॉम्प्युटर काय पुन्यातच चालू होते?

एका ट्रस्टनं छप्पन सालच्या धम्मदीक्षेचं दालन काढलं आन् काम आमाले देल्लं. मोठा पडदा, त्यात नागपूरले निघालेली मानसं, वर कॅमेरा. तुमी पुढं उभं राह्यलं का गर्दीतली एक पोरगी थेट तुमच्या डोयात पाह्यते. तुमी सरकले का तिची मानबी तिकडं वयते.

ती पोरगी म्हंजे माही माय, पंचफुला. तवा नऊ वर्षांची होती, धुतलेला पांढरा झगा घालून बापासंगं किन्हीराजाहून गेलती. तिच्याच चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढत काढत आमी ते पोर घडवलं.

ट्रस्टचे सायब स्टुडिओत पाहाले आले. "छान आहे. फक्त हिची मान खाली करा, नजर जमिनीकडे. दुःख जाणवलं पाहिजे."

"कायचं दुःख? ते टाकाले तर चालली ना ती!"

"अहो, ती अशी रोखून बघते की माणसाला अवघडतं."

"मंग अवघडू द्या ना!"

सायब हसले नाई. "बदल झाला नाही, तर काम दुसऱ्यांना द्यावं लागेल," म्हनाले आन् गेले.

माहा भाचा उत्कर्ष कॉम्प्युटरातल्या मानसांचे हाडं-सांधे हलवाचं काम पाह्यते. तो म्हने, "आत्या, मानेचं एक हाड वाकवाचं, बस. चाय थंडा व्हायच्या आत होते." दालन मोठं, नाव मोठं. मी म्हनलं, करून तर पाहू. त्यानं मान वाकवली.

तेवढ्यात माय डबा घेऊन आली. पडद्यापुढं थांबली.

"हे कोन वं?"

"तूच ना माय."

"मी?" तिनं डबा खाली ठेवला. गुडघ्यावर हात देत देत फरशीवर बसली आन् खालून त्या पोरीच्या तोंडाकडे पाहू लागली. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. "हे तं पाहूनच नाई राह्यली. कोनं मारलं का हिले?"

माह्या अंगाची लाही झाली. सायबावर, उत्कर्षवर, सगळ्यात जास्त माह्यावरच.

"उत्कर्ष, कर सरळ! आन् ते हाड असं बांध का कोनी किती ओढलं तरी खाली गेलं नाई पायजे."

सायबाले फोन लावला. "मान खाली जात नाई."

"काही तांत्रिक अडचण आहे का?"

"नाई. आमी तशी घडवलीच नाई."

"मग तो पडदा तुमच्याकडेच ठेवा."

"ठेवतो ना. भेव कोनाले हाये?"

ठेवला. आता तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत हाये, थांब्याकडे तोंड करून. जीपची वाट पाह्यनारे थबकतात. कोनी हसते, कोनी इकडंतिकडं पाहाले लागते. परवा एक मोठ्या गाडीवाला काच खाली करून पोरीकडं उगाच दटावल्यासारखा पाहू लागला. माय दारातच खुर्ची टाकून बसली होती. त्याच्याकडं तिनं ढुंकूनबी पाह्यलं नाई. काचेतल्या पोरीलेच म्हनाली, "पाह्य माय, चांगलं पाह्य त्याच्याकडं. आपल्याले भ्याचं काम नाई."