एक साल कमी

"पाय कापा. आत साल राहिलीय," मावशी म्हणाली.

साल म्हणजे रेझिन लावलेल्या कार्बनच्या काळ्या कापडावरचा निळा प्लास्टिकचा पापुद्रा. थरावर थर बसवताना तो सोलून खुंटीला अडकवायचा. शेवटी जेवढे थर तेवढ्या साली. पाय ओव्हनमध्ये जाण्याआधी त्या मोजायच्या, पण आज घाईत राहून गेलं. आता एक कमी भरत होती आणि कृत्रिम पाय कडक होऊन बाहेर आला होता. साल आत राहिली तर थर एकमेकांना धरत नाहीत, माणूस चालता चालता तोंडावर आपटतो.

सुपरवायझरने पायावर नाणं वाजवून पाहिलं. "ठणठणीत आहे. माल आज जायचाय, मावशी. कशाला नसती उठाठेव?"

"तुमच्या घरात कुणी घालणार असतं, तर पाठवला असता?"

हे त्याला झोंबलं. त्याने पाय कापायला लावला. आत काही नव्हतं. साल मावशीच्याच एप्रनला पाठीमागे चिकटली होती.

सगळी लाइन खो खो हसली. मावशीही हसली. दुसऱ्या दिवशी तिची बदली मागच्या शेडमध्ये झाली. तिथे बाद माल भट्टीत जातो. रेझिन जळून जातं, धागा उरतो. तो तुकड्या-तुकड्यांचा, त्याच्या खुर्च्या होतात, पुन्हा पाय काही होत नाही. हातमोज्यांतूनही कुसं टोचतात.

लाइनवर मात्र तिच्या नावाची म्हणच पडली. साल कमी भरली की बायका एकमेकींना दटावायच्या, "गप बस गं. मावशी व्हायचंय का?"

हे कानावर आलं तेव्हा मावशीने डबा तसाच झाकला. साल कमी भरली तरी आता कुणी बोलत नाही, हे सांगायला ती तडक सुपरवायझरकडे गेली.

"आधी स्वतःची पाठ बघून घ्या," म्हणून त्याने तिला वाटेला लावलं.

पुढे एकदा परत आलेल्या मालात एक पाय आला. मधोमध उकललेला, फटीत निळं टोक. नेऊन त्याच्या टेबलावर आपटावा, असं तिला वाटलं. पण आपलं खरं ठरलं याचा आनंद तरी कुठल्या तोंडाने मानायचा? पाय लहान मुलाच्या मापाचा होता. बूटसुद्धा कुणी काढला नव्हता.

"टाका ना मावशी, भट्टी तापलीय," भट्टीवाला म्हणाला.

"थांब जरा."

हातमोजे काढून ती बुटाची नाडी सोडायला बसली. चालताना सुटू नये म्हणून घरच्या कुणीतरी दुहेरी गाठ मारली होती.