बारा महिन्यांचं भाडं

म्हसावदच्या मोतीलाल पाटलानं आयुष्यात एकच धंदा मन लावून केला, तो म्हणजे आपलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा. या खेपेला गळा सुनेचा होता.

हेमांगी माहेरची नाशिकची, नंदुरबारला शाळेत शिक्षिका, पगार पक्का. तिथल्याच मिरची बाजारामागं मोतीलालच्या पत्र्याच्या आठ खोल्या होत्या. हिवाळ्यात सातपुड्यातली माणसं मिरची वाळवायला, निवडायला खाली उतरली की त्या भरायच्या. होळीला ती डोंगरात परतली की दिवाळीपर्यंत तिकडं कुत्रंही फिरकायचं नाही. हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं, सुनेला नव्हतं. म्हणून म्हाताऱ्यानं त्या खोल्या सुनेला विकायचं ठरवलं आणि दाखवायला नेमका जानेवारी निवडला.

आठही दारांपुढं चुली पेटलेल्या. हेमांगीनं एका दारातल्या नानीबाईला विचारलं, "बाई, बारा महिने इथंच राहता ना?"

नानीबाईनं आपल्या भिली बोलीत खरं ते सांगितलं, की होळीला घरी जाणार, मग थेट पुढच्या थंडीत येणार. हेमांगीला ती बोली येत नव्हती, मोतीलालला शब्द न् शब्द कळला.

"ती सांगस, धा वरीसपाईन आम्ही आठेच ऱ्हातस," दहा वर्षं इथंच राहत असल्याची थाप त्यानं सुनेला मारली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हेमांगीनं मोबाइलवर आठ खोल्यांच्या भाड्याला बारानं गुणलं. खोल्या घ्यायला काढायच्या कर्जाचा हप्ता भागून वर थोडं उरत होतं. बँकेच्या साहेबानं मात्र पत्र्याकडं पाहून नाक मुरडलं आणि वर पक्क्या घराचं तारण मागितलं. सौदा हातचा जातोय म्हटल्यावर मोतीलालला धीर धरवेना. त्यानं म्हसावदचं राहतं घर बक्षीसपत्रानं सुनेच्या नावावर करून दिलं. कागदावर असेना का, सून सासऱ्याला थोडीच बाहेर काढणार! खोल्यांचे पैसे हातात पडताच त्यानं कळसाडीला स्वतःच्या नावावर उसाचं रान घेतलं. मुलगा हेमकांत जरा चुळबुळला, पण बापापुढं त्याची जीभ कधी वळलीच नव्हती.

होळी झाली आणि आठही दारांना कुलपं लागली. तीन महिने हेमांगीचा पगार हप्त्यात गेला. ती भांडायला येईल म्हणून मोतीलाल उत्तरं तयार ठेवून बसला होता. जूनमध्ये ती आली ती टेम्पो घेऊन, सोबत शिक्षकांची दोन बिऱ्हाडं.

"हे घर बारा महिने भाड्यानं जातं, आबा. या वेळी मी नीट चौकशी केली."

"मन्हं घर शे ते!" मोतीलाल ओरडला आणि त्यानं मुलाकडं पाहिलं. हेमकांत खाली मान घालून टेम्पोत भांडी चढवत होता. गल्ली ओट्यावर बसून मजा बघत होती. बघेना का, म्हाताऱ्यानं कमावलंच होतं तसं. वाईट वाटलं ते मागून गाठोडं घेऊन येणाऱ्या त्याच्या बायकोचं, अनुसयाबाईचं. तिला या घरात कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी नंदुरबारच्या तापलेल्या पत्र्याखाली हेमांगीनं सासूच्या हातावर किल्ली ठेवली.

"भाडं नको मला. पण दिवाळीला खोली खाली करा. मिरचीवाले येतील, त्यांचं भाडं मला सोडता येणार नाही."

"मंग आम्ही कथा जाऊत वं बेटा?" जायचं कुठं, ते अनुसयाबाईला कळेना.

"ते आबांना विचारा," हेमांगी म्हणाली आणि टेम्पोवाल्याचे पैसे द्यायला वळली.