आयव्हीच्या हातचं नाक

टेडी बेअर ओळखायचा तर आधी नाक बघायचं, हे नेस्टा प्रॉसरला कुणी शिकवायला नको होतं. तळपायावरची कापडी चिठ्ठी निघून जाते, काचेचे डोळे बदलता येतात, पोटातला लाकडाचा कीस काढून कापूस भरता येतो. नाक मात्र हातानं शिवलेलं, आणि प्रत्येकीचा हात वेगळा. नदीकाठच्या कारखान्यात ती आणि तिची धाकटी बहीण आयव्ही एकाच बाकावर बसून अठरा वर्षं नाकं शिवत होत्या. नेस्टाचे टाके उभे, शिस्तीचे. आयव्ही डावखुरी. तिचे टाके डावीकडे कलायचे, आणि अस्वल काहीतरी हुंगतंय असं वाटायचं.

सोमवारी आयव्ही गेली. संध्याकाळी तिची मुलगी लिनेट दारात उभी राहिली.

"मावशी, शुक्रवारी चॅपेलमध्ये आईचा अंत्यविधी आहे. येशील ना?"

"येईन की. मी काय दगड आहे?"

एकतीस वर्षं दगडच होती. आई गेल्यावर तिच्या बशांच्या कपाटावरून दोघींचं बिनसलं. कपाट नेस्टाकडे आलं, बहीण तुटली. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधलं एवढंसं गाव, पण पावाच्या दुकानात समोरासमोर आल्या तरी एकमेकींकडे पाठ करायच्या. असल्या भांडणांना अक्कल कधी नसतेच.

"कारखान्याची रीत तुला ठाऊकच आहे," लिनेट म्हणाली. "नाक शिवणारी गेली की तिच्या हातचं एक अस्वल तिच्या शवपेटीत ठेवायचं. आईनं दोनदा बजावलंय. पण घरी एकही नाही गं, सगळी वाटून टाकली तिनं. तुझ्याकडे तर अख्खा जिल्हा दुरुस्तीला येतो. एखादं मिळेल ना?"

"मिळेल," नेस्टा म्हणाली. आणि दार लावलं.

मिळणार कुठून? जुन्या अस्वलांचं वेड लोकांना लागलं तेव्हा संग्राहकांचं एक पुस्तक निघालं. कुठल्या कारखान्याचं नाक कसं, त्याची चित्रं त्यात होती. या कारखान्याचं नाक म्हणजे उभे, सरळ टाके. आयव्हीच्या कलत्या नाकांना लोक म्हणू लागले, हे मूळचं नव्हे, मागाहून कुणीतरी धसमुसळेपणानं शिवलंय. एका शब्दात नेस्टाला खुलासा करता आला असता. ती बोलली नाही. कलतं नाक दुरुस्तीला आलं की ते उसवायची, आपले सरळ टाके घालायची आणि चिठ्ठी लिहून द्यायची, 'नाक मूळचे'. हात चालायचा तेव्हा बरंही वाटायचं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी गावच्या सभागृहात लिलाववाल्यांचा पारखीचा दिवस होता; लोक जुन्या वस्तू आणून किंमत करून घ्यायचे. अस्वलांच्या टेबलामागे बसून नेस्टा येणारं प्रत्येक अस्वल उलटंपालटं करत होती. एकाचंही नाक कलतं नव्हतं. दुपारच्या चहाला बेडोज नावाचे म्हातारे गृहस्थ आले, काखेत सोनेरी लोकरीचं अस्वल.

"तुम्हीच दुरुस्त केलं होतं, बाई. ही बघा तुमची चिठ्ठी." मग हसून म्हणाले, "आमची आई शेवटपर्यंत कुरकुरत होती. म्हणे, मी याचं वाकडं नाक बघून हा घेतला होता, हा तो नव्हेच. मी म्हटलं, आई, तुझं डोकं चळलं. तज्ज्ञ बाईनं लिहून दिलंय!"

नेस्टानं हातातला कप बाजूला ठेवला.

"तुमच्या आईचं बरोबर होतं. नाक माझं आहे. मूळचं माझ्या बहिणीचं होतं. मी उसवलं."

"उसवलं? का?"

नेस्टानं चिठ्ठी टेबलावर पालथी घातली. बेडोज खुर्चीत बसले. "मग हेही उसवा. खाली तिचं काही उरलं असेल तर बघू दे मला."

तिनं कात्री घेतली, एकेक टाका काढला. आयव्हीच्या सुईची निदान भोकं तरी असतील. पण खाली नवं कापड होतं. विरलेलं जुनं कापड बदलल्याशिवाय नेस्टा टाका घालायची नाही. काम कसं चोख.

म्हाताऱ्यांनी त्या बिननाकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "मी आईला वेडी म्हटलं हो," ते म्हणाले. "राहू द्या हे तुमच्याकडेच. माझ्याच्यानं आता बघवणार नाही." आणि ते गेले.

गुरुवारी सकाळी बेडोजांच्या अस्वलाला नाक घालायला नेस्टानं डाव्या हातात सुई धरली. तीनदा उसवलं, चौथ्यांदा जमलं. हुबेहूब आयव्ही. हे तिचं नव्हे, असं सांगू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ती स्वतः.

लिनेटनं अस्वल बघितलं मात्र, तिचा चेहरा फुलला. नाकावर ओठ टेकवून ती म्हणाली, "आईचंच! मावशी, कुठे मिळालं गं?"

गप्प बसली असती तर निभावलं असतं.

"तिचं नाही ते. आज सकाळी मी शिवलं. तिची जेवढी माझ्या हाती आली, तेवढी मी उसवली, लिनेट. रागानं."

लिनेटनं अस्वल हळूच टेबलावर ठेवलं. ती चिडली असती तर नेस्टाला सोपं गेलं असतं.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तिनं शेजारच्या पोरीला दिलेलं एक अस्वल तुझ्याकडून दुरुस्त होऊन आलं होतं. आईनं त्याच्या नाकावरून बोट फिरवलं, म्हणाली, 'नेस्टानं उसवलं. म्हणजे राग गेला नाही अजून.' तोवर दर नाताळला ती पुडिंग घेऊन तुझ्या फाटकापर्यंत यायची आणि धीर न होऊन परतायची. त्या वर्षापासून यायचीच थांबली."

फाटक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. नेस्टानं एकदाही बाहेर बघितलं नव्हतं.

"ठेव गं पेटीत," ती म्हणाली. "माझं म्हणून ठेव."

"नाही, मावशी. तिनं स्वतःचं मागितलं होतं."

शुक्रवारी पेटीत अस्वल न ठेवता आयव्हीला रिकाम्या हातांनीच निरोप दिला.