फितीपलीकडचा निरोप

ताईंनी कार्डावरचे आकडे तिसऱ्यांदा भरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने पडद्यावर असा दाब दिला, की जणू दाराची बेल वाजत नाहीये.

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं. तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

"अरे, पण तो येणार कसा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने. "ओटीपी यायला नेटवर्क पाहिजे. नेटवर्क नाही म्हणून तर वाय-फायचे पैसे भरतेय ना मी!"

"चावी घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे," शेजारचे गृहस्थ म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. बसताबसताच त्यांनी ते सांगून टाकलं होतं आणि तेव्हापासून ताई जरा ओठ मिटूनच हसत होत्या. "माझंही मागे असंच झालं होतं. आता मी विमानात चढायच्या आधीच घेऊन ठेवतो."

विमानातल्या वाय-फायचे दोन दर होते. स्वस्तात फक्त मेसेज, महागात सगळं काही. ताईंनी स्वस्त निवडलं होतं, कारण त्यांना सगळं काही नको होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती या घडीला खाली, ढगांच्या कितीतरी खाली, एका पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये चालू होती.

"एवढं काय अडलंय, विचारू का?"

"माझ्या मुली फायनल खेळतायत. आत्ता, या क्षणाला."

"वा! किती मुली तुम्हाला?"

"बारा."

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"व्हॉलीबॉल," ताई म्हणाल्या. "मी कोच आहे त्यांची."

मग एकदा बोलायला लागल्यावर त्यांना राहवेना. सामना कालच व्हायचा होता. हॉलचे दिवे ऐन वेळी गेले आणि सामना आजवर ढकलला गेला. इकडे थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी. तिला सोबत करायला दुसरं कुणी नाही आणि तिकीट बदलता येत नाही. क्लब निघाल्यापासून पहिल्यांदा फायनल आली होती आणि कोच खिडकीतून ढग बघत बसली होती.

"मग तिथे कोण आहे?"

"खुर्ची भरायला सेक्रेटरी आहेत. त्यांना सर्व्हिस म्हणजे चहाची वाटते. बाकी सगळं आजीवर."

"आजी?"

"कॅप्टन. अजून कॉलेजात पण नाही गेली. पण बोलते अशी, की चार सुना आल्यात घरात." ताईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "पोरी गुणी आहेत हो. पण मी समोर नसले की त्यांचं पाणी होतं. मागे मला ताप आला होता तेव्हा सरळ तीन सेट हरून आल्या. तोंडं एवढीशी करून दारात उभ्या."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. "माझा पास चालू आहे. मेसेजचाच आहे. एका वेळी एकाच फोनवर चालतो. मी बाहेर पडतो, तुम्ही आत शिरा."

"आणि तुमची कामं?"

"रिसेप्शनिस्ट विचारतेय, उद्या किती पेशंट घेऊ. मी गप्प बसलो तर तिला बरंच वाटेल."

ताईंनी पर्समधून पैसे काढून त्यांच्यापुढे धरले. डॉक्टरांनी हात वर केला. "हरलात तर द्या. म्हणजे जिंकायला आणखी एक कारण झालं."

त्यांनी आपल्या फोनवरून कनेक्शन सोडलं. ताईंच्या फोनवर त्यांचा पास क्रमांक भरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग फोन तळहातावर थरथरायला लागला आणि थांबेचना.

सगळे मेसेज एकाच माणसाचे होते.

‘पहिला गेला.’

‘दुसरा आपला.’

‘अगं कुठे आहेस?’

‘तिसरा पण गेला. सेक्रेटरी जांभया देतायत.’

‘चौथा आपला!! पाचवा सुरू होतोय. मला धाप लागलीय.’

त्याखाली एक करडा चौकोन होता. फोटो. मेसेजच्या पासावर तो उघडत नव्हता.

‘फोटो दिसत नाहीत,’ ताईंनी भराभर टाइप केलं. ‘लिहून सांगा.’

‘काय लिहू? मला यातलं काय कळतं?’

‘डोळ्यांना दिसेल ते लिहा हो!’

"आमचे हे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "शिंपी आहेत. मुलींचे टी-शर्ट-पँट तेच शिवतात. आजवर एकही मॅच पाहिली नाही, दुकान बंद राहतं म्हणून. आज मी हातापाया पडून गॅलरीत बसवलंय. मुली मला ताई म्हणतात आणि यांना काका. त्या नात्याने हे माझे काका लागतात."

फोन थरथरला.

‘बाह्या वाढवून दिल्या होत्या ना, तिने उडी मारून पलीकडे आपटला. पॉइंट.’

"खांब!" ताई म्हणाल्या. "आमची उंच पोरगी. शाब्बास!"

‘कॉलर टोचते म्हणून रडणारी पालथी पडली. उठली. गुडघा पुसला.’

"ही आजीच. पुसला ना? मग ठीक आहे."

‘चार-सात. आपले चार.’

ताईंनी ओठ चावला. पाचवा सेट पंधराचाच असतो, तिथे तीन पॉइंट म्हणजे डोंगर. पुढच्या रांगेतल्या बाईंनी सीटच्या फटीतून मागे पाहिलं. "हरतायत का?" त्यांनी विचारलं. कुणीतरी कानातला हेडफोन काढला.

‘पँट दोनदा आखूड केली ती कुठे आहे?’ ताईंनी विचारलं.

‘बाकावर. नखं खातेय.’

"मुंगी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "एवढीशी आहे. नेटजवळ काही कामाची नाही, पण तिची सर्व्हिस अशी येते की समोरच्याला वाटतं चेंडू बाहेर जाणार, आणि तो शेवटी खाली बसतो. पाळलेल्या मांजरासारखा. तिला नेमकं वेळेवर आत घ्यावं लागतं. लवकर घेतली तर फुकट, उशिरा घेतली तरी फुकट."

‘सात-दहा.’

‘आठ-दहा. बाह्यावालीच.’

‘आठ-अकरा. अरे देवा.’

ट्रॉली घेऊन आलेली हवाईसुंदरी डॉक्टरांना कॉफी द्यायची विसरून तशीच उभी राहिली. "मॅडम, किती झाले?"

"आठ-अकरा."

"आपले?"

"आठ," तिघाचौघांनी एकदम उत्तर दिलं.

‘नऊ-अकरा! आपला!’ आणि लगेच त्याखाली आणखी एक करडा चौकोन.

ताई सीटमध्ये ताठ झाल्या. आता सर्व्हिस आपली. हीच ती वेळ. त्यांचं बोट पडद्यावर आलं आणि अडखळलं.

अडखळायला कारण होतं. गॅलरी आणि बाक यांच्यामधल्या कठड्याला एक पांढरी फीत बांधलेली असे. ती ताईंनीच बांधायला लावली होती. एका मुलीचे वडील वरून ओरडून ओरडून तिला खेळ शिकवत होते आणि ती पोर सर्व्हिस करता करता रडायला लागली, त्या दिवसापासून. फितीपलीकडून एक शब्द खाली यायचा नाही. आई असो, बाप असो, क्लबचा अध्यक्ष असो. मुलींचे फोन पिशवीत, पिशवीला कुलूप. कापड ताईंच्या घरच्याच दुकानातलं होतं आणि गाठही यांनीच मारली होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. नियम आहे एक. माझाच." आणि त्यांनी लिहिलं, ‘खाली जा. आजीला सांगा, मुंगीला सर्व्हिसला आण. आत्ताच्या आत्ता. आजच्या दिवस फीत विसरा.’

मेसेज गेला. वाचला गेल्याची निळी खूण उमटली. उत्तर नाही.

विमान जरासं हललं. वर पट्ट्यांचे दिवे लागले. ताईंनी पट्टा न बघताच आवळला.

‘अहो!’

‘गेलात का?’

डॉक्टरांनी पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती. पेशंटला धरून ठेवायचीच सवय असणार, आज ते स्वतः खुर्चीत होते.

‘सांगितलं,’ यांचा मेसेज आला. आणि मग एकामागून एक:

‘आखूड पँटवाली सर्व्हिस करतेय.’

‘दहा-अकरा. चेंडू त्यांच्या दोघींच्या मध्ये पडला. दोघी एकमेकींकडे बघतायत.’

‘अकरा-अकरा!’

‘बारा-अकरा!!! सेक्रेटरी खुर्चीवर उभे राहिले!’

"आई गं!" ताईंनी डॉक्टरांच्या दंडावर चापट मारली आणि मग जीभ चावली. डॉक्टरांना त्याचं भानच नव्हतं, ते मागच्या रांगेला स्कोअर सांगत होते. "बारा-अकरा! मुंगीची सर्व्हिस! नाही हो, खरी मुंगी नाही, मुलगी आहे ती."

"योग्य वेळी निरोप गेला तुमचा," पुढच्या बाई फटीतून म्हणाल्या.

"म्हणून तर कोच लागतो," डॉक्टर म्हणाले, जणू ताईंना त्यांनीच नेमलं होतं.

ताईंचे खांदे किंचित वर आले.

‘बारा-बारा.’

‘तेरा-बारा. बाह्या.’

‘तेरा-तेरा. माझी छाती दुखतेय.’

‘पाणी प्या,’ ताईंनी लिहिलं. ‘पण बघत बघत प्या.’

‘चौदा-तेरा. आपले चौदा. सगळा हॉल उभा आहे, मला काही दिस’

मेसेज तिथेच तुटला. त्याखाली काही आलं नाही. वरच्या स्पीकरमधून वैमानिकाचा शांत, झोपाळू आवाज आला. विमान उतरायला सुरुवात झाली होती. वाय-फाय आता बंद करण्यात येत होतं.

"आत्ता?" पुढच्या बाई ओरडल्या. "यांना आत्ताच सुचलं?"

हवाईसुंदरीने हात जोडल्यासारखं केलं. तिच्याही हातात काही नव्हतं.

त्यानंतरचा वेळ सगळ्यांनी खिडक्यांकडे बघत काढला. खाली रस्ते दिसायला लागले, मग छपरं, मग छपरांवरच्या पाण्याच्या टाक्या. ताई फोन दोन्ही तळव्यांत धरून बसल्या होत्या, अंडं धरावं तसा. एक पॉइंट. आता तो खाली पडून गेलेला असणार, या किंवा त्या बाजूला. खांब ऐन वेळी हात आखडते. आजी रागावली की घाई करते. एवढंही सांगायचं राहून गेलं होतं.

चाकं जमिनीला टेकली, विमान घसटत पुढे गेलं आणि डॉक्टर म्हणाले, "हं, लावा!"

ताईंनी नेटवर्क चालू केलं. पडद्यावर एक रेघ, मग दोन. मग फोन उसळला.

‘जिंकलो गं! जिंकलो! पोरींनी आजीला उचललंय आणि मी रडतोय!’

ताईंनी ते मोठ्याने वाचलं नाही. त्यांनी फोन डॉक्टरांपुढे धरला आणि डॉक्टरांनी वाचून दाखवलं, "रडतोय"सकट. मागून टाळ्या आल्या. पुढच्या बाई पट्टा सोडून उभ्याच राहिल्या आणि हवाईसुंदरीने त्यांना बसवता बसवता स्वतःच एक मूठ हवेत हलवली.

"माझे पैसे बुडाले तर," डॉक्टर म्हणाले, आणि आपली बॅग उतरवायला उभे राहिले.

दारं उघडायला वेळ होता. रांगेत उभ्या उभ्या ताई मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या. मघाचे करडे चौकोन आता एकेक करून रंगीत होत होते. फोटो यांच्यासारखेच होते. नीट मापात, पण जरा वाकडे. प्रत्येकात वर मैदान आणि खालच्या कडेला, आडवी, तीच पांढरी फीत.

नऊ-अकराच्या खालचा चौकोन उघडला. ताईंनी तो दोन बोटांनी मोठा केला. मागच्या भिंतीवर आकडे स्पष्ट होते, नऊ आणि अकरा. आणि मैदानाच्या टोकाला, रेषेच्या मागे, चेंडू छातीशी धरून मुंगी उभी होती. बाकाजवळ आजी एक हात वर करून तिला काहीतरी सांगत होती. गॅलरीकडे तिची पाठ होती.

फोटोच्या खाली, म्हणजे त्याच्यानंतर गेलेला, ताईंचा स्वतःचा निरोप होता. ‘खाली जा. आजीला सांगा.’

त्याखाली, बऱ्याच वेळाने आलेलं, ‘सांगितलं.’

पुढचे फोटोही त्यांनी पाहिले. सगळे एकाच जागेवरून काढलेले. सगळ्यांत फीत तिथेच होती आणि कुठेही सैल झालेली नव्हती.

फोन वाजला.

"पोचलीस?" यांचा आवाज बसला होता. मागे हॉलमध्ये नुसता कल्ला चालला होता. "अगं, काय सांगू तुला! आणि तुझा निरोप अगदी वेळेवर आला बघ. नाहीतर अवघड होतं."

ताईंनी फोन कानापासून जरा दूर केला, पडद्यावरच्या मुंगीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"हो ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली धावत गेलात म्हणून."

"हो, म्हणजे… गेलो ना." ते खाकरले. "आजी बोलायचंय म्हणतेय, पण तिला अजून खाली उतरवलंच नाहीये कुणी."

"राहू द्या वरच. अहो, फीत काढलीत का?"

पलीकडे पोरींचा आरडाओरडा चालूच होता.

"काढतोय," ते हळूच म्हणाले. "गाठ सुटत नाहीये."

"मग असू द्या. पुढच्या मॅचला लागेल." रांग हलली. डॉक्टरांनी त्यांना पुढे जायला वाट करून दिली. ताईंनी बॅग खांद्यावर घेतली. त्यांना हसू आवरत नव्हतं, दात दिसत होते आणि त्याची आता फिकीर नव्हती. "आणि हे बघा, त्या दिवशी दुकान बंद ठेवा. तुमच्या शेजारी गॅलरीत एक जागा धरून ठेवा."

"कुणासाठी गं?"

"माझ्यासाठी."