जस्ताचा डबा

माझ्या सासऱ्यांना सगळा बाजार कानसेन म्हणायचा. बंद पडलेल्या छापखान्यांचे जुने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, पोत्यांनी आमच्याकडे यायचे. ते वितळवून लाद्या पाडायच्या, हा आमचा धंदा. पण आधी तुकडा न् तुकडा पारखायला लागतो, कारण चित्रांच्या ब्लॉकचे जस्ताचे तुकडे त्यात मिसळलेले असतात, शाईने सगळंच काळं दिसतं, आणि ओंजळभर जस्त अख्खी कढई नासवतं. बाबा प्रत्येक तुकडा दगडावर टाकायचे. खिळ्याचा धातू थप्पकन पडतो, जस्त टिण्णकन वाजतं. "ज्या दिवशी माझा कान चुकेल, त्या दिवशी मलाही भंगारात घाला," असं ते येईल त्याला ऐकवायचे.

कान गेला त्याला तीन वर्षं झाली होती. पाठीमागून हाक मारली तर माणूस ढिम्म. नवरा भट्टीच्या घरघरीत सगळ्यांशी ओरडूनच बोलतो, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते मला एकटीला.

दुपारी बाबा आडवे झाले की त्यांनी चांगला म्हणून काढलेला ढीग मी पुन्हा चाळायचे. संशय आला की तुकडा खरवडायचा, वर संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकायचा. शिसं गप्प बसतं, जस्त फसफसतं. ते बाहेर फेकलं असतं तर त्यांनी पाहिलं असतं, नजर अजून घारीची होती. म्हणून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचे आणि डबा जिन्याखाली सरकवायचे. कौतुक कोणी करणार नव्हतंच. म्हाताऱ्याचा मान राहतोय ना, एवढंच.

त्या दिवशी सकाळी लाद्या नेणारा व्यापारी बसला होता. एक तुकडा माझ्यासमोर खणखणीत वाजला आणि बाबांनी तो चांगल्यात टाकला. मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, तेवढा परत टाकून बघा ना."

"हिला शिसं कळत नाही न् शेण कळत नाही," बाबा व्यापाऱ्याला म्हणाले. "कढईत काय जाईल ते मी बघतो. तू पातेल्यातलं बघ."

व्यापारी हसला. नवराही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरू दे, म्हटलं, यांचं हे निस्तरतील. दुपारी मी बाटलीला हात लावला नाही. पडून राहिले, आणि झोपही छान लागली, हे सांगायला लाज वाटते.

संध्याकाळी नवऱ्याने हाक मारली. एरवी पाण्यासारखा पातळ असणारा रस खळीसारखा दाटला होता, पळीतून सुटेना. दोनशे किलो माल मातीत गेला.

बाबांनी कढईत नुसतं पाहिलं. "मी एकेक ऐकून टाकलाय," ते म्हणाले. "हिनेच घातलं असणार. सकाळी बोललो, त्याचा डूख धरला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात खरंच प्रश्न होता. मग मात्र माझा तोल गेला. जिन्याखालून डबा ओढला आणि त्यांच्या दगडाशेजारी आदळला. "तीन वर्षांचं जस्त आहे. तुम्ही चांगलं म्हणून काढलेल्यातलं."

"काय म्हणते ही?" बाबांनी मुलाला विचारलं.

नवऱ्याला ते सांगावं लागलं. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, ओरडून, त्यांच्या कानाशी. मला तेव्हाच सगळं परत घ्यावंसं वाटलं. बोललेलं परत घेता येत नाही.

बाबा खाली बसले. डब्यातला एक तुकडा उचलून त्यांनी दगडावर टाकला. तो असा वाजला की शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असता. बाबांनी मान तिरकी करून वाट पाहिली, मग माझ्याकडे बघितलं.

"वाजलं का गं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरा उचलला. डबा जवळजवळ भरलेला होता, आणि प्रत्येक तुकड्याला ते मला विचारत राहिले.